जंगलातला बूट

आमचे दाजी रोड रोलर चालवतात. ताई म्हणते, "यांनी घरी निघालो म्हणून फोन केला की मी निवांत एक झोप काढते." दाजी हसतात. माणूस गुणी, पण खोडी काढल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

गेल्या वर्षी त्यांना संग्रहालयातून बोलावणं आलं. एका चित्रकार बाईंनी लाकडी फळ्यांवर अख्खं जंगल कोरलं होतं. झाडं, वेली, नदी, फांदीवर घुबडं, सगळं भिंतीएवढं. फळ्यांना शाई लावायची, वर कापड अंथरायचं आणि दाबून छाप घ्यायचा. पण एवढं धूड कुठल्या यंत्रात मावणार? म्हणून रोलर.

"हळू हं," बाई म्हणाल्या.

"बाई, याला दुसरं काही येतच नाही."

छाप झकास उठला. कापड अंगणात वाळत ठेवून सगळे चहाला गेले. दाजी तेवढे मागे रेंगाळले. सांडलेल्या शाईत त्यांनी बूट बुडवला, नदीकाठी नेमकं एक पाऊल उमटवलं आणि साळसूदपणे चहाला येऊन बसले.

प्रदर्शन लागलं तेव्हा ते ताईला आणि मला घेऊन गेले. दालनात शिरलो आणि मान वर करून बघतच राहिलो. एकेक खोड असं, की कवेत मावू नये. दाजी मात्र खालच्या कोपऱ्याकडे बघून मिशीत हसत होते. ताई वाकली.

"अगं बाई! हा तर यांचा बूट!" ती केवढ्यानं ओरडली! "टाचेशी फुटलेला. रोज फरशीवरून पुसते मी ही नक्षी!"

दाराशी उभा असलेला पहारेकरी तावातावानं आला. "काहीतरी काय बोलता? पाऊल माझं आहे. बाईंनी मुद्दाम घेतलंय."

प्रदर्शन उघडल्यापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होता.

"तुमचं?" दाजी भडकले. "शाईत पाय घातला मी, आणि..." त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. बाई मागेच उभ्या होत्या.

"काढा बूट," त्या म्हणाल्या. "दोघांनीही."

पहारेकऱ्याचा बूट दोन बोटं मोठा निघाला. दाजींचा भेगेसकट जुळला.

"आणि मी इथल्या बागेतल्या माळ्यावर संशय घेत बसले!" बाई म्हणाल्या. "धड बोललेसुद्धा नाही त्याच्याशी. जा, आधी त्याची माफी मागा."

दाजी हातात बूट घेऊन मोज्यांवरच बागेत गेले. माळी झाडांना पाणी घालत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "असं होय," म्हणाला आणि पाण्याची नळी दाजींच्या मोज्यांवर धरली. खिडकीतून बघणाऱ्या ताईनं चक्क टाळ्या वाजवल्या.

छाप अजून तसाच टांगलेला आहे. त्या पावलामुळे जंगलातून आत्ताच कुणीतरी गेल्यासारखं वाटतं, असं बाईंचं मत पडलं. परवा मी एकटाच गेलो होतो. पहारेकऱ्याची माझ्याकडे पाठ होती आणि तो दोन म्हाताऱ्यांना समजावत होता, "पाऊल माझंच. कापड आटलं ना, म्हणून जरा लहान दिसतंय."