अर्ध्या पट्टीचा फटका

शेवगावच्या कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं, तेव्हा भिंगारहून भावाचा फोन आला. "आत्या गेली गं," एवढंच म्हणाला. मी मुलांना पुढचं काम सांगितलं, खिडकीशी जाऊन उभी राहिले, आणि मला आधी हसूच आलं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत... सोजराआत्या आठवली की मला तिचा चेहरा दिसत नाही, कॉम्प्युटरच्या स्पेसबारवर ठेवलेलं तिचं जाडजूड बोट दिसतं. रडू आलं ते नंतर, एसटीत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. भिंगारच्या लष्करी छावणीच्या कडेला गोल्फचं एक मैदान होतं, तिथं तिनं बावीस वर्षं काम केलं. आपल्याकडं पाण्याची कायम बोंब, त्यामुळं तिथं चेंडू घालायच्या खड्ड्याभोवती हिरवळ नव्हती. वाळूत जळकं तेल कालवून थापलेलं काळपट वर्तुळ असायचं. त्याला सगळे ब्राऊन म्हणत. खेळणारे पुढं सरकले की आत्या गोणपाट ओढून पावलांच्या आणि चेंडूच्या खुणा पुसायची. पुसता पुसता तिला एकेकाचा चेंडू पाठ झाला होता. कुणाचा टप्पा कुठं पडतो, तिथून किती घरंगळतो, सगळं तोंडपाठ. गोल्फच्या काठीला मात्र तिचा हात कधी लागला नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं मागितलं नाही. "त्या ब्राऊनवर एक चेंडू मारायचा राहिला बग," असं काम सुटल्यावर ती अधूनमधून म्हणायची आणि आम्ही ते हसण्यावारी न्यायचो. मीसुद्धा. त्याची अजून लाज वाटते.

नव्वदच्या दशकात मी भिंगारमध्ये एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. चपला बाहेर काढायच्या, मशीनवर कापडी झाकण, सगळा देवघराचा थाट. आत्या दुपारी माझा डबा घेऊन यायची. एकदा पोरांनी फ्लॉपीवरून आणलेला गोल्फचा गेम लावला होता, ती दारातच थबकली. "ह्ये तर आमचंच काम हाय," म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

गेम तसा सोपा. स्पेसबार दाबला की पडद्यावर एक पट्टी चढायला लागते. हवा तेवढा जोर भरला की दुसऱ्यांदा दाबायचं, आणि पट्टी उतरून रेघेवर आली की तिसऱ्यांदा, म्हणजे चेंडू सरळ जातो. पोरं पट्टी काठोकाठ भरायची आणि चेंडू खड्ड्यातल्या झेंड्यापलीकडच्या तळ्यात घालायची. आत्यानं जोर आवरला. ब्राऊनवर टाकतात तसा झेंड्याच्या वीस पावलं अलीकडं टप्पा टाकला, पुढं घरंगळत जाईल म्हणून. चेंडू पडला तिथंच बसला. पोरं फिदीफिदी हसली. तिनं पुन्हा तसाच टाकला, पुन्हा तो तिथंच बसला. मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "हितलं हिरवं हाय. पानी पितंय. चेंडू पळनार न्हाई." त्या दिवसापासून डबा तासभर आधी यायला लागला. जवळच्या पल्ल्याची काठी, पट्टी निम्मी, टप्पा थेट झेंड्यापाशी. पट्टी चढताना ती ओठातल्या ओठात मोजायची आणि बोट बरोब्बर अर्ध्यावर पडायचं.

त्याच क्लासला एक निवृत्त मेजरसाहेब यायचे, परदेशातल्या मुलाला पत्रं टाईप करायला. त्यांनी आत्याला ओळखलं नाही. तिनं मात्र ओळखलं. "साहेब, तुमचा चेंडू कायम उजव्या अंगाला पडायचा," म्हणाली. साहेबांचे कान लाल झाले. माणूस सरळ, त्यांनी कबूल केलं, पण इरेला पेटले. नऊ होलची, म्हणजे नऊ खड्ड्यांची मॅच ठरली. आत्या म्हणाली, "मी जिंकले तर मला मैदानावर न्यायचं. तुमच्या काठीनं एक चेंडू मारू द्यायचा."

"आणि हरलात तर?"

"तर ह्या मशीनला परत हात लावनार न्हाई."

लांबच्या फटक्यांत साहेब सरस, जवळ आल्यावर आत्या. आठ होलनंतर दोघं बरोबरीत. नवव्याला दोघांचेही चेंडू झेंड्यापासून साठेक पावलांवर. साहेबांनी मारला आणि तो अलीकडंच बसला... त्यांचा हात अजून भिंगारच्या ब्राऊनवरच खेळत होता. आत्यानं पट्टी चढू दिली, मोजलं, निम्म्यावर बोट टेकवलं. चेंडू झेंड्याला लागून पडला. पोरांनी टेबलं बडवली, क्लासचे मालक धावत आले, आणि आत्या पदरानं स्पेसबार पुसून उठली.

साहेबांनी शब्द पाळला. रविवारी सकाळी मैदानावर तिच्याबरोबर काम केलेली सगळी माणसं गोळा झाली होती. साहेबांनी काठी हातात दिली, पकड दाखवली, म्हणाले, "कॉम्प्युटरवर मारता तसा थेट झेंड्यावर टाका."

"साहेब, हे हिरवं न्हाई," आत्या म्हणाली. दोनदा काठी नुसतीच हलवून बघितली आणि मारला. चेंडू अलीकडं मुरमावर पडला, उड्या मारत ब्राऊनवर चढला, खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबला. एवढा जवळ आला की खेळणारे एकमेकांना तो सोडून देतात, मारावा लागत नाही. साहेब खुशीत म्हणाले, "दिला तुम्हाला, सोजराबाई."

"द्यायचा न्हाई. मी मारनार."

आणि मारला. खड्ड्यातल्या डब्यात टण् आवाज झाला. तिला मी इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. साहेब स्वतः वाकले, चेंडू काढला आणि तिच्या हातात ठेवला.

परवा आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे तिच्या खोलीत बसलो होतो. फळीवर बुद्धमूर्तीशेजारी तो चेंडू होता. साहेब आले, आता पार थकलेत, नातवाचा हात धरून आले. फुलं वाहिली, चेंडूकडं बराच वेळ बघत राहिले. सोनईहून आलेल्या आमच्या मामांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

साहेब म्हणाले, "मी यांच्याकडून हरलो होतो."