दादाच्या फ्लेक्सवर नाचलो त्याची गोष्ट

बिबवेवाडीच्या आमच्या वस्तीत जुना फ्लेक्स कधी वाया जात नाही. वाढदिवस उरकला की उतरवायचा आणि पत्र्यावर टाकायचा, नाहीतर ओल येऊ नये म्हणून खाली अंथरायचा. घराघरात कुणी ना कुणी साहेब हात जोडून आडवा पडलेला असतो.

मी आणि माझा शेजारचा मित्र रॅप करायचो. शब्द माझे, आवाज त्याचा. काय आवाज होता! अंगावर काटा यायचा. नळाच्या पाण्यापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत त्याच्याच खोलीत आम्ही व्हिडिओ काढला, आणि तो तुफान चालला. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीनं वार्षिक कार्यक्रमाला बोलावलं. च्यायला, आम्हाला!

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, व्हिडिओत आमच्या पायाखाली एरियाचा दादा हसतोय.

त्याची पोरं भर दुपारी आली. "दादाच्या थोबाडावर नाचतो काय रे?" दोघांनी मला भिंतीशी दाबलं. बाकीच्यांनी मित्राला आडवा पाडून तोंडावरच लाथा घातल्या. "चुकलं, भाऊ," एवढंच तो म्हणत होता. मग तेही म्हणता येईना. त्याची आई मध्ये पडली, तर तिला केसांना धरून बाहेर फेकलं. आजही हे लिहिताना माझं डोकं फिरतं.

मित्राचा मोडलेला जबडा तारेनं बांधला. डॉक्टरांनी बजावलं, "आत्ता तोंड चालवलंस, तर पुन्हा कधी नीट बोलता येणार नाही." हिंजवडीला सगळं मी म्हणायचं, त्यानं नुसतं शेजारी उभं राहायचं, असं ठरलं.

पण त्याच्या ओळी आल्या आणि त्यानं माईक ओढून घेतला. दात आवळूनच सुरू झाला. मध्येच तार तुटली, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. लोक खुर्च्यांवर चढून किंचाळत होते. "गप्प बस, येड्या!" म्हणत मी माईक हिसकावला, तर त्यानं माझ्या थोबाडीत दिली. मी त्याला खाली पाडलं, छातीवर बसलो, दोन्ही हात धरून ठेवले. तो रडत होता, मीही. टाळ्या काही थांबेनात.

स्टेजवरची ती क्लिप पहिल्या व्हिडिओपेक्षा जास्त चालली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आले आणि नुसती मान हलवून गेले. मी तिथंच बाकावर बसलो होतो, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. शो हवा होता.

"मॅडम, त्याला आता म्हणता येणार नाही."

"चालेल ना," त्या म्हणाल्या. "मारामारी तर करेल?"