कापलेला ठोकळा

छापखानावाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला येतात आणि जाताना एखादा ठेवून जातात. आमच्या खामगावच्या छापखान्यात तर विनायक यायला लागल्यापासून त्यांचा ढीग झालाय. विनायक माझा शाळेतला मित्र, चित्रकार. पण त्याच्या चित्रात फक्त शब्द! कुणाच्या तोंडचं वाक्य आवडलं की ते लाकडी ठोकळ्यावर उलटं कोरायचं, माझ्या जुन्या मशीनवर पंचवीस प्रती काढायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नंबर आणि सही. मग पटाशीनं ठोकळ्यावर आडवा घाव. पुन्हा छापणं नाही.

*

उंद्रीचे एक शेतकरी पत्रिका छापायला आले आणि भिंतीवरचं 'थांब ना जरा' बघत राहिले.

"यात चित्र कुठं हाय?"

"हेच चित्र," विनायक म्हणाला.

त्यांनी खिशातून पैसे काढले. "मंग एक द्या. लहानी पोरगी पुण्याले शिकाले जाऊन राह्यली. दाराले लावतो."

*

'जेवून जा' बुलढाण्याच्या एका वकिलांनी ऑफिसात लावलं. महिन्याभरात फोन आला, "पक्षकार उठतच नाहीत हो!" आता ते त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात आहे.

*

घाव घालायची वेळ आली की आमचे मशीनमन रामदासजी बाहेर जाऊन उभे राहायचे.

"रामदासजी, प्रत घेणाऱ्यांना आपण कबूल केलंय," विनायक समजवायचा.

"केलं असंन. पण माह्यासमोर नोको!"

हेच रामदासजी रोज संध्याकाळी मशीन बंद करताना म्हणायचे, "उद्या पाहू." काम पुरं झालेलं असो की अर्धं. विनायकनं तेच कोरलं आणि पहिली प्रत त्यांच्यापुढे धरली.

"मले कायले? मी त रोजच म्हणतो!" म्हणून हसले. सगळ्या प्रती गेल्या. ठोकळा कापताना ते नेहमीसारखे बाहेर होते.

*

यंदा उन्हाळ्यात रामदासजी गेले. तेरवी झाली आणि त्यांच्या पत्नी शांताकाकू छापखान्यात आल्या.

"त्यायचं ते एक द्या. घरात आवाजच नाही राह्यला."

एकही प्रत उरली नव्हती. मी विनायकला बाजूला घेतलं. "नवा ठोकळा कोर की! कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," तो म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला. त्याचेही डोळे भरले होते.

काकूंनी सगळं ऐकलं होतं. "तो कापेल ठोकळा हाय ना? मंग तोच छापा."

मी शाई लावली. कागद उचलला तर 'उद्या पाहू'च्या मधून पांढरी रेघ गेलेली. काकूंनी रेघेवरून हळूच बोट फिरवलं. विनायकनं पेन्सिल काढली, नंबर काय टाकावा ते त्याला सुचेना, ती त्यानं परत खिशात ठेवली.

मी मशीन बंद केलं. काकू प्रत घेऊन दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. आमच्या दोघांकडे बघत राहिल्या.

"काऊन," त्या म्हणाल्या, "आज कोणीच ते म्हणून नाही राह्यलं?"