दोन गाइड आणि एक खिडकी

घरात त्याला 'संशोधक' म्हणत, तेही फ्यूज उडाला की. अडतिसाव्या वर्षी पाणीपुरवठ्यातल्या इंजिनियरकीवरून बिनपगारी रजा काढून तो सिस्टिम सायन्स शिकायला गेला होता.

"म्हणजे नक्की कशाचा अभ्यास?" सासऱ्यांनी विचारलं.

"सगळ्याचा एकत्र."

"म्हणजे धड एकाचाही नाही," म्हणत सासऱ्यांनी पेपर उलटला.

विषय दोन विभागांत पसरलेला, म्हणून गाइडही दोन: यंत्रवाल्या इमारतीतले सर आणि समाजशास्त्राच्या बाई. शुक्रवारी पाचच्या आत दोघांच्या सह्या झाल्या तरच प्रबंध जमा. नाहीतर रजाही संपली आणि पदवीही गेली.

प्रबंध होता दवाखान्यातल्या केसपेपरच्या रांगेवर. तीन महिने स्टुलावर बसून त्याने माणसं मोजली आणि गणित मांडलं: दुसरी खिडकी उघडली की थांबण्याचा वेळ निम्मा. दवाखान्याने खरोखरच खिडकी उघडून पाहिली. वेळ दीडपट झाला.

तोंडचं पाणी पळालेला तो पहिल्या खिडकीतल्या मावशींकडे गेला.

"मावशी, असं कसं झालं हो?"

"आधी मी एकटी होते. तापातलं मूल दिसलं की पुढे घ्यायचे. सर्टिफिकेटवाल्याला सांगायचे, बाबा, सहीचे डॉक्टर बारानंतर येतात, तेव्हा ये. हा शेजारच्या खिडकीतला येईल त्याला मुकाट्याने नंबर देतो. मग आत डॉक्टरांपाशी तुंबणार नाही तर काय?"

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मोजत होतात ना. म्हटलं, मध्ये बोललं तर आकडा चुकेल."

सर म्हणाले, "खिडकीचं प्रकरण गाळा. गणित बरोबर आहे, दवाखाना चुकला."

बाई म्हणाल्या, "गणित गाळा. मावशी हाच निष्कर्ष."

इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये तीन-तीन मजल्यांचे जिने. त्याने दोन्ही ठेवलं. आकृतीत रांग आणि डॉक्टर यांच्यामध्ये एक चौकोन काढला, त्यात 'मावशी' लिहिलं आणि गणित पुन्हा केलं. या खेपेला उत्तर दीडपटीच्या जवळ आलं.

"हा चौकोन काय करतो?" सरांनी विचारलं.

"मिनिटाला तीन माणसं बघतो, पैकी एकाला परत पाठवतो."

सरांनी सही केली. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "जिवंत माणसाला चौकोनात कोंबू नका."

त्याने गोल काढला. बाईंची सही झाली, पण पान बदललं म्हणून सरांची पुन्हा लागली.

सरांनी गोलावर बोट ठेवलं. "आमच्याकडे गोल म्हणजे पंप," ते म्हणाले, आणि आकृतीखाली 'हा पंप नव्हे' असं लिहून त्यांनी सही केली.

पावणेपाचला प्रबंध जमा झाला.