नऊ जणांच्या वजनाची जीप

आमच्या वर्षाचं लग्न घनसावंगीत एका फाटकाखाली अडकलं होतं, आणि ते मीच अडकवलं होतं.

मी मंठ्याजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. घरापासून शाळा सहा किलोमीटर, रस्ता डांबरी आणि नुकताच केलेला. अशा रस्त्यासाठी मी एक जुनी जीप घेतली आणि ती चार इंच उचलली. (उचलली म्हणजे चोरली नव्हे. आमच्या वडिलांना, अण्णांना, पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, आणि ते बराच वेळ माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.) चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे घातले, घुमणारा मोठा सायलेन्सर लावला, टपावर लोखंडी कॅरिअर चढवला आणि कॅरिअरच्या पुढच्या कडेला लायटीची लांबलचक पट्टी लावली. जालन्याच्या मिस्तरीनं विचारलं होतं, "सर, पाटे कडक टाकू का नरम?" आईची कंबर दुखते म्हणून मी म्हणालो, "नरम टाका." आईचा विचार करून मी आयुष्यात जे थोडके निर्णय घेतले, त्यातला हा एक.

उंच गाडीवाल्यांचा आमचा मोबाइलवर ग्रुप आहे. कुणी गाडीचा फोटो टाकला की खाली 'अजून दोन इंच' असं लिहायची आमच्यात पद्धत आहे. कार खाली बसवून रस्त्याला घासत चालवणारे लोक असतात, त्यांच्याशी आमचं फारसं बोलणं नसतं. आणि कंपनीनं दिली तशीच गाडी चालवणाऱ्यांना आम्ही माणसात धरत नाही.

वर्षा माझी धाकटी बहीण. जालन्याला नर्स आहे. बोलते कमी, पण रात्रंदिवस सुया टोचायची सवय असल्यामुळे जे बोलते ते बरोबर जागी लागतं. तिला घनसावंगीचं स्थळ आलं होतं. मुलगा प्रशांत, तिथल्या आयटीआयमध्ये शिकवतो. तो आईवडिलांना घेऊन मंठ्याला येऊन गेला होता, तेही एसटीनं, त्यामुळे त्याच्याकडे गाडी नसावी असं मी समजून चाललो होतो. आता त्यांचं घर बघायला आम्ही जायचं होतं. मुलीनं सोबत जायची पद्धत नाही असं मामा म्हणाले, तर वर्षा म्हणाली, "राहायचं मला हाये मामा, तुमाला न्हाई." मग ती माझ्याकडे वळली.

"दादा, तिथं गाडीबद्दल बोलायचं न्हाई."

"मी कशाला बोलू?"

"बिलकुल न्हाई. मागच्या दोन ठिकाणी तू टायर दाखवायला लोकांना बाहेर नेलं होतं."

हे खरं होतं. त्यातलं एक स्थळ बाहेरूनच निघून गेलं.

आम्ही नऊ जण निघालो. अण्णा, आई, मी, माझी बायको सुनंदा, वर्षा, काका-काकू आणि मामा-मामी. मामा एकटे दोघांच्या जागेत बसतात. काकांच्या बागेतल्या मोसंबीच्या दोन गोण्या सगळ्यांच्या पायाखाली. आईला आणि काकूला चढायला स्टूल लागतं, ते मी नेहमी ठेवतो. परतूरपर्यंत सगळे खुशीत होते. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं हळूहळू जावं लागलं, तेव्हा उंच गाडीतून ट्रॉलीवरचा ऊस कसा समोरासमोर दिसतो हे मी सगळ्यांना दाखवलं. मामांना तेवढ्यात डुलकी लागली.

प्रशांतचं घर गावाच्या कडेला होतं. नवं कुंपण, नवं लोखंडी फाटक, आणि फाटकावर सिमेंटचा आडवा बीम. प्रशांतचे वडील, अप्पा, रस्त्यावर उभे राहून हातानं खुणा करत होते, "येऊ द्या, येऊ द्या." बीमखालून गाडी गेली तेव्हा वर दोन बोटांची फट राहिली असेल. मी ती माझ्या चालवण्याची सफाई समजलो.

आत जयभीम झाला, पाणी झालं, चहा-पोहे झाले. घर स्वच्छ, माणसं साधी. प्रशांतच्या आईनं मोसंबीची एक गोणी तिथल्या तिथं सोडली आणि गल्लीतल्या बायकांना पदरात घालून वाटून टाकली. आमची आई मला हळूच म्हणाली, "माणसं दिलाची हायेत रे." सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. मग प्रशांत मला म्हणाला, "सर, चला, मागं जरा दाखवतो."

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जीप होती. अप्पांनी तरुणपणी घेतलेली. पांढुरकी, पुसून लख्ख, आणि कंपनीतून आली तशीच्या तशी. वायपरसुद्धा मूळचे. प्रशांत प्रत्येक गोष्टीवर हात ठेवून सांगत होता. हा आरसा पहिलाच. ही काच पहिलीच. एका नटासाठी तो नांदेडपर्यंत जाऊन आल्ता, कारण इथं मिळणारा नट 'त्या काळातला' नव्हता.

वर्षाला दिलेला शब्द माझ्या ध्यानात होता. पण समोरच्यानं विषय काढला तर तो मोडला असं होत नाही, असा मी कायदा काढला.

"चांगली ठेवलीय," मी म्हणालो. "पण उचलली न्हाई का?"

"कशापायी?"

मी त्याला पुढं नेऊन माझी दाखवली. तो गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारून आला. खाली वाकला. पाटे बघितले. लायटीच्या पट्टीकडे मान वर करून बघितलं. दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट बघतात, तसं सगळं तो बघत होता.

"सर, एक बोलू का?"

"बोला ना."

"चांगली गाडी होती."

त्या 'होती'पाशी मी थांबलो.

"रोज कुठं चालवता?" त्यानं विचारलं.

"शाळेत जातो."

"रस्ता कसा हाये?"

"डांबरी."

"मंग?"

"वाटेत ओढा लागतो," मी म्हणालो. (त्याच्यावर पूल आहे, हे मी सांगितलं नाही.)

आत आलो तो माझं डोकं फिरलेलं होतं. सुनंदाला बाजूला घेऊन म्हणालो, "मुलगा जरा शिष्ट वाटतो. घाई करू नये." अण्णांनाही म्हणालो, "घरी जाऊन विचार करू." अण्णांचा चेहरा पडला. वर्षा तिथंच बशा उचलत होती, तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बशा घेऊन आत गेली. त्यामुळे मला आणखी राग आला.

निरोपाला सगळे बाहेर रस्त्यावर जमले. आमच्याकडे निरोप घरात सुरू होतो आणि रस्त्यावर संपतो, मध्ये अर्धा तास जातो. मी म्हणालो, "तुम्ही बोला, मी गाडी काढतो." रिकाम्या जीपमध्ये एकटा चढलो आणि रागारागात जोरात बाहेर काढायला गेलो.

वर कर्रर्र असा आवाज झाला. लायटीची पट्टी बीमखाली मागं वाकली, पलीकडे निघाली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. तिच्यामागचा कॅरिअर मात्र बीमखाली गच्च बसला. पुढं जाईना. मागं घ्यावी तर पट्टी बीमला अडकायची. दोन्ही दारं फाटकाच्या दोन खांबांना चिकटलेली, त्यामुळे मला उतरताही येईना. समोर काचेतून दोन्हीकडची मंडळी रांगेत उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही न्हाई," मी आतून म्हणालो.

प्रशांत जवळ आला. त्यानं बीम बघितला, कॅरिअर बघितला.

"कॅरिअर खोलता येतो का, सर?"

"वेल्डिंग केलंय."

"टायरची हवा सोडली तर?"

"हवा सोडली तरी हे टायर फार बसत न्हाईत. त्यांची खासियत हाये ती." तासाभरापूर्वी हीच खासियत मी त्याला कौतुकानं सांगितली होती.

अप्पा म्हणाले, "पण येताना तर बराबर आल्ती."

"येताना किती जण होते?" प्रशांतनं विचारलं.

"नऊ," मामा म्हणाले.

"अन् दोन गोण्या मोसंबी," काका म्हणाले.

प्रशांतनं वर्गात फळ्यासमोर उभं राहावं तसं सगळ्यांना समजावून सांगितलं. पाटे नरम आहेत. नऊ माणसं आणि दोन गोण्या होत्या, तेव्हा गाडी खाली बसली होती, म्हणून आत आली. आता रिकामी झाली, म्हणून वर आली. "तवा आता परत सगळ्यांनी बसायचं," तो म्हणाला, "जसे आल्ते तसे."

पण बसायचं कुठून? पुढची दारं खांबांत, आणि मागचं दार अंगणात. फाटकात जीप, त्यामुळे रस्त्यावरून अंगणात जायला वाट नाही. शेवटी शेजारच्या घरातून, त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यातून आणि मागच्या मेथीच्या वाफ्याच्या बांधावरून आमचे आठ जण एकामागं एक अंगणात आले. नव्या साड्या, डोक्यावर टोप्या. काकूचा पदर शेळीनं धरला. आरशात मला सगळं दिसत होतं. आई स्टूल मागत होती, आणि स्टूल माझ्याजवळ पुढं होतं.

आठही जण चढले. गाडी बसली, पण पुरती नाही. उरलेली मोसंबीची गोणी प्रशांतच्या आईनं स्वतः आणून आत ठेवली. दिलेला आहेर परत गाडीत चढताना बघून आमच्या आईनं डोळे मिटून घेतले. तरी वर एक बोट अडत होतं, कारण घासताना कॅरिअरची कड वर वाकली होती. दुसरी गोणी गल्लीत वाटली गेली होती. ती कुणाकडून परत मागायची?

अण्णा म्हणाले, "सगळ्यांनी श्वास सोडा बरं."

"अण्णा, त्यानं वजन वाढत न्हाई," प्रशांत नम्रपणे म्हणाला. मग आपल्या वडिलांना म्हणाला, "अप्पा, तुमी बसा. आई, तू बी बस."

"आमी कशाला?" त्याची आई म्हणाली. पण बसली. मामींच्या मांडीवर बसली, कारण दुसरी जागा नव्हती. सोयरीक ठरायच्या आधी विहीणबाई मांडीवर बसल्याचं आमच्या घराण्यात हे पहिलंच उदाहरण. प्रशांत मागच्या पायरीवर उभा राहिला. अप्पा बसल्यावर वर्षाला आत जागा उरली नाही, ती उतरून त्याच्या शेजारी दांडी धरून उभी राहिली.

गल्ली आता भरली होती. मोसंबी सोलत लोक बघत होते. एवढी भरलेली जीप बघून, हातात पिशवी घेतलेले एक गृहस्थ शेळ्यांच्या वाटेनं अंगणात आले आणि मागं वाकून विचारू लागले, "परतूरला निघाली का?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात प्रशांत म्हणाला, "निघाली. जल्दी बसा."

ते आत घुसून गोणीवर बसले. गाडीनं हळूच मान खाली घातली. "सोडा सर, हळू," मागून प्रशांतचा आवाज आला, आणि जीप बीमखालून न घासता बाहेर आली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या आईवडिलांना मी उतरवून दिलं. परतूरचे गृहस्थ उतरेनात. त्यांना परतूरला सोडावंच लागलं, आणि वाटेत त्यांनी मला दोनदा 'डायव्हर' म्हटलं.

निघताना प्रशांतनं गोणी पुन्हा खाली घेतली आणि माझ्या खिडकीशी आला. हसला नाही, हे त्याचे उपकार. फक्त म्हणाला, "सर, पुढच्या वेळी बाहेरच लावा." पुढची वेळ त्यानं धरलीच होती. मी 'विचार करू' म्हणणारा माणूस, पण मान हलवून मोकळा झालो.

घरी पोचल्यावर वर्षानं अण्णांना सांगितलं, "मला पसंत हाये." माझं मत कुणी विचारलं नाही.

महिनाभर मी शाळेत सगळ्यांना सांगत होतो की माझ्या जीपमुळे बहिणीचं लग्न जमलं. दोन्ही घरं एका गाडीत बसली, अंतर मिटलं, वगैरे. मग एका सोमवारी तिला ड्युटीसाठी जालन्याच्या बसपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा गाडीत विचारलंच.

"खरं सांग. प्रशांत तुला का पसंत पडला?"

"तुझ्या तोंडावर बोलला म्हणून," ती म्हणाली. "गाडी बिघडवली असं तुला सांगणारा तो पहिला माणूस."

मला वाईट वाटलं. "आपल्या घरात कुणालाच आवडली न्हाई, तर मंग मला कुणी सांगितलं का न्हाई?"

ती खाली उतरत होती. दार धरून थांबली आणि म्हणाली, "सगळे सांगून राह्यलेत दादा, चार महिने झाले. तू सायलेन्सर मोठा लावलाय, तुला ऐकू येत न्हाई."

"काय म्हणालीस?" मी विचारलं.