खळ्यावर थांबलेले विमान

पन्नासच्या दशकात मी एका दैनिकात उपसंपादक होतो. कामानिमित्त मुंबईहून पुण्याला कधीकधी विमानाने जावे लागे. विमान लहान, दोन इंजिनांचे; वैमानिक एकटा आणि आम्ही मोजके प्रवासी. मार्गशीर्षातल्या एका सकाळी घाट ओलांडल्यावर डाव्या इंजिनाचा आवाज बदलला आणि त्याचा पंखा थांबला. तेलाची नळी फुटली होती, हे चौकशीत पुढे समजले. देहूरोडची लष्करी कोठारे मागे पडली तोवर उजवे इंजिनही दमले होते.

वैमानिक मागे न वळता म्हणाला, "पट्टे आवळा. पुण्यापर्यंत आपण पोचत नाही. मोकळे रान बघतोय."

चाकणच्या अलीकडे बाजरी काढून झालेले एक शेत त्याने निवडले. विमान टेकले, उसळले, बांधावर त्याचे एक चाक तुटले आणि ते घसरत जाऊन एका खळ्याच्या कडेला नाक खुपसून थांबले. खळे शेणाने सारवलेले होते. मधोमध तिवडा रोवलेला होता. मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात, तो लाकडी खांब. शेजारी बाजरीची रास होती.

आम्ही प्रवासी मागच्या दाराने बाहेर पडलो. कुणाला खरचटले होते, कुणाचा चष्मा फुटला होता, इतकेच. वैमानिक मात्र आत राहिला. समोरचा पत्रा दबून त्याचा उजवा पाय खाली अडकला होता. पंखातून पेट्रोल ठिबकत होते.

जवळच्या वस्तीवरची माणसे धावत आली. खळ्याच्या कडेला सगळी थबकली, पायातल्या वहाणा काढल्या आणि मग पुढे झाली. एका म्हाताऱ्याने आम्हालाही थांबवले.

"बूट काढा, सायेब. खळं हाय."

पेट्रोलच्या वासात उभे राहून आम्ही बुटांच्या नाड्या सोडल्या.

खळे त्या म्हाताऱ्याचे होते. त्याचा मुलगा गाडीबैल घेऊन चाकणच्या बाजाराला गेला होता. वस्तीवर म्हातारा, त्याची सून आणि शेजारपाजारची माणसे होती. त्यांतला एकजण पहार घेऊन आला. विमानाच्या खिडकीतून वैमानिक ओरडला, "लोखंड नको! ठिणगी पडली तर आपण सगळेच जाऊ. लाकूड आणा, जाड लाकूड."

गाडी घरी असती तर तिचे जू कामी आले असते. वस्तीवर होती ती जळणाची काटकी आणि कुडाच्या काठ्या. एक काठी लावून पाहिली, ती मोडली. पेट्रोलचा डाग मातीत वाढत होता.

सुनेची नजर तिवड्यावर गेली. म्हाताऱ्याने ती ओळखली.

"रास घरी गेल्याबगार तिवडा हलवायचा न्हाई," तो म्हणाला. "वर्साचं धान्य हाय ते."

सुनेने पदर सावरला, पण आवाज खाली आणला नाही. "मामंजी, रास कुटं पळून चाललीया व्हय? आतलं माणूस जित्तं हाय."

आम्हा शहरातल्या लोकांना तो खांब म्हणजे नुसता खांब होता. म्हातारा तिवड्याजवळ गेला, त्याला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि बुंध्याभोवतीची माती स्वतःच्या हातांनी उकरू लागला. त्याने एकदाच मान वर केली. "बघत काय बसलाय? धरा की!"

खांब निघाला. त्याचे टोक पत्र्याखाली सरकवून आम्ही सगळ्यांनी, गावातल्या आणि शहरातल्या, दुसऱ्या टोकावर भार दिला. पत्रा कण्हल्यासारखा वाजला आणि थोडा वर आला. तेवढ्यात सून खिडकीतून अर्धी आत गेली आणि तिने पाय मोकळा केला.

"निघाला!" ती आतून ओरडली. "वढा आता, पर दमानं. माणूस हाय, पोतं न्हाई."

वैमानिकाला बाजेवर घालून दूर, लिंबाच्या सावलीत नेले. पाय घोट्यापाशी मोडला होता, पण बोटे हलत होती. ती हलताना पाहून तो हसला आणि त्याने चहा मागितला.

"आज चूल पेटवायची न्हाई दादा, वास मारतोय," सून म्हणाली. "पायानं चालत या, मंग चहा."

देहूरोडहून लष्कराचा ट्रक आला आणि त्याला पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेला. विमानाला शेवटपर्यंत आग लागली नाही.

उन्हाळ्यात मी वैमानिकाबरोबर त्या वस्तीवर गेलो. मोटार रस्त्यावरच सोडली. बांधावरून जाताना मी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. काठी टेकत, घाम पुसत तो पुढे चालला होता. आम्हाला लांबून पाहून सून आत वळली, आणि आम्ही अंगणात पोचेपर्यंत घराच्या कौलांतून धूर निघू लागला होता.