वीतभर विमानाची दुरुस्ती

धम्मदीप ओव्हाळला एका जागी बसवायचं तर खुर्चीला खिळे ठोकावे लागतील, असं त्याची बायको रचना म्हणते. ती पहिलीचा वर्ग सांभाळते, तेव्हा तिला यातलं कळतं. उरणजवळ बंदराच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं दुकान आहे. ट्रेलरचे नंबर, दारावरचं मालकाचं नाव, मागच्या फळीवरची कमळं नि मोर, सगळं तो हातानं रंगवतो आणि खाली कोपऱ्यात ‘पेंटर दीप, उरण’ अशी सही ठोकतो. हे काम त्याला मानवलं, कारण ट्रेलरवाल्याला कायम घाई. रंग ओला असतानाच गाडी निघून जाते. तो वाळला की फुगला, ते बघायचं काम पुढच्या गावाचं.

पण गेल्या वर्षापासून त्याच्या चुळबुळीला खरंखुरं कारण मिळालं होतं. ते कारण म्हणजे त्याचे वडील, भागोजी.

भागोजी हवाई दलात होते. वैमानिक नव्हेत, जमिनीवरचे. विमानाचा पत्रा, सांधे, रिव्हेट हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या लढाईत, मिसरूड नुकतं फुटलेल्या वयात, ते पूर्वेकडच्या एका तळावर नॅट नावाच्या छोट्या लढाऊ विमानांची डागडुजी करत. पुढे गॅसच्या कारखान्यात फिटर झाले, निवृत्त झाले, आणि मग सगळ्या वाडीचे पंप, मिक्सर, शिलाई मशिनी त्यांच्या ओट्यावर येऊन पडू लागल्या. ओटा कधी रिकामा नसे. मग त्यांची बायको नीराबाई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर भागोजींनी चपला घातल्या आणि ते चालायला लागले. ओट्यावरचे पंप तसेच पडून राहिले. लोकांनी एकेक करून परत नेले.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. खाडीपलीकडे नवीन विमानतळ सुरू झाला होता आणि विमानं बंदराच्या रस्त्यावरून खाली उतरत जायची. विमानाचा आवाज आला की भागोजी जिथं असतील तिथं थांबत, मान वर करत आणि बघत राहत. ‘जिथं असतील तिथं’ म्हणजे बहुतेक वेळा रस्त्याच्या मधोमध. आणि रस्ता कसला, तर पाठीवर कंटेनर घेतलेल्या ट्रेलरांचा.

“दीपभाऊ, बाबा परत रोडवर उभे हैत,” विनेश ड्रायव्हरचा फोन यायचा. “माझा ब्रेक लागला म्हणून बरं. मागचा यूपीवाला थांबंल का, सांग?”

धम्मदीप ब्रश डब्यात टाकून धावायचा. फोन नाही आला तरी त्याचा जीव थाऱ्यावर नसे. रस्त्यावर कुठं टायर किंचाळला की मोराच्या मानेला वाक जास्त पडायचा.

“बाबा, मरायचंय का तुम्हाला?”

“बघत व्हतो,” एवढंच भागोजी म्हणत.

एकदा त्यानं फाटकाला कुलूप घातलं. भागोजींनी बिजागऱ्या सोडवून फाटक बाजूला ठेवलं, बाहेर पडले, आणि जाताना फाटक परत बसवून गेले. वर बिजागऱ्यांना तेलही घातलं होतं. आता अशा माणसाला कोंडणार कसं?

“त्यांच्या हाताला काम द्या,” रचना म्हणाली. “पायाची खोड आपोआप जाईल.”

पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं, भक्तीनं, मग एक खोकं पाठवलं. आत नॅट विमान होतं. अखंड नव्हे, सुटं. प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले करंगळीच्या नखाएवढे भाग, जोडून वीतभर विमान व्हायचं. धम्मदीपनं मोठ्या कौतुकानं खोकं पुढं केलं. भागोजींनी झाकणावरचं चित्र पाहिलं.

“खेळणं हाय,” ते म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

धम्मदीपला राग आला. पण राग गिळून त्यानं मनाशी ठरवलं की हे आपणच जोडायचं. पुरं झालेलं विमान समोर ठेवलं की म्हातारा कसा उठून जातो बघू. आता, ज्यानं आयटीआय अर्धवट सोडला आणि घराच्या मागच्या भिंतीला तीन वर्षं गिलावा केला नाही, त्यानं हे ठरवावं हेच नवल. तरी बसला खरा. दुकानात, दोन ट्रेलरांच्या मधल्या वेळात. पोटाचे दोन भाग चिकटवून वर रचनाचे कपड्यांचे चिमटे लावले, आणि गोंद धरायच्या आत चिमटे काढून बघितलं. विमान उघडलं. परत चिकटवलं. चाकाचा दांडा बोटातून उडाला आणि रंगाच्या डब्यामागे गेला. तो शोधताना त्यानं डबाच सांडला. पाय हलत होते, कान रस्त्याकडे होते, आणि प्रत्येक हॉर्नला वाटायचं, हा बाबांसाठीच वाजला.

कसंबसं विमान उभं राहिलं. मग रंग. इथं मात्र त्याचा हात राजा होता. हिरवा, त्यात मातकट पट्टे, पंखांवर तिरंगी चक्रं. शेपटीखाली सवयीनं बारीक अक्षरांत ‘पेंटर दीप, उरण’ कधी लिहून झालं, हे त्याला स्वतःलाच कळलं नाही. एका पंखाला हिरव्याचा हात द्यायचा राहिला होता. डब्यातला रंग घट्ट झाला होता. खोक्यातल्या कागदावर त्यासाठी वेगळं पातळ द्रव्य सांगितलं होतं, ते मागवायला चार दिवस गेले असते. चार दिवस! त्यानं हाताशी असलेलं एनसी थिनर ओतलं. आजवर शेकडो ट्रकांना त्यानं तेच वापरलं होतं आणि एकाही ट्रकानं तक्रार केली नव्हती.

पण ट्रक पत्र्याचा असतो. त्याच्या डोळ्यांदेखत पंखाचं टोक निखाऱ्यावरच्या पापडासारखं वळलं, मऊ पडलं आणि खाली लोंबलं. पुसायला गेला तर फडक्याला हिरवं प्लॅस्टिक आलं. धम्मदीप रंगाच्या डब्यावर बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. विमानाचं काही नव्हतं हो. पण बाबांना घरात ठेवायची त्याच्याकडे ही एकच युक्ती उरली होती आणि तीही त्यानं घाईनं जाळली होती.

शटर ओढून, पावाच्या खोक्यात विमान घेऊन तो घरी आला. भागोजी ओट्यावर एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते. सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्यानं खोकं उघडलं.

“बाबा, पंख जळला. माझ्याच हातानं.”

भागोजींनी विमान उचललं. डोळ्यांजवळ नेलं. वितळलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या पंखावरून, मग परत पहिल्यावरून.

“काय लावलंस?”

“एनसी थिनर.”

“गाढवा!” भागोजी कडाडले. वर्षभरात त्यांनी कुणाला शिवी दिली नव्हती. धम्मदीपला ती साखरेसारखी लागली. “चष्मा आण. ह्यो न्हाय, जवळचा. आणि पॉलिश पेपर आण, बारीक.”

पायातली चप्पल काढून ते ओट्यावर बसले. डोक्यावरून विमान गेलं. त्यांनी मान वर केली नाही.

मग रोज दुपारी तेच. वितळलेलं टोक त्यांनी पातं लावून कापलं, आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून नवं कातरलं. ते चिकटेना, म्हणून चौकटीच्या उरलेल्या काड्या जोडून परत केलं. घासायचं, बोट फिरवायचं, घासायचं. विनेशचा फोन आला, तो उलटा: “बाबा दिसत न्हाईत, बरे हैत ना?”

धम्मदीप दुकान लवकर बंद करून शेजारी बसायला लागला. म्हणजे बसायचा, उठायचा, पाणी प्यायचा, परत बसायचा.

“बाबा, मी धड विमान दिलं असतं तर?”

“धड विमानाशी आमचं काय?” भागोजी पेपर फिरवत म्हणाले. “धड असतं तवा ते वैमानिकाचं. मोडून आलं की आमचं. पोटाला भोक पाडून यायचं, आम्ही रातोरात ठिगळ मारून सकाळी उभं करायचो. जाताना कोण मागं बघतंय? पण परत आलं की बरं वाटायचं.” पेपर थांबला. “तुझ्या आईचं काय मोडलंय ते डॉक्टर सांगत व्हते, आन् मी ह्ये हात घिऊन बाकड्यावर बसलो व्हतो. काय सुद्धा करता आलं न्हाय रं.”

धम्मदीप उठला नाही, हे विशेष.

रंग भागोजींनी त्याच्याकडून करून घेतला, पण चमक त्यांना चालेना. “आधी चांदीगत व्हती इमानं. लढाईच्या तोंडावर आम्हीच ब्रशानं रंग फासला. तिथं मोर काढायला कोण बसलं व्हतं?” शेपटीखालची सही दिसली तेव्हा ते चष्म्यावरून पाहत राहिले. “ह्ये काय? इमान काय मुरूडला खडी घिऊन चाललंय?” रचना आतून खो खो हसली. सही मात्र त्यांनी खरवडली नाही.

एका दुपारी पंख पुरा झाला. जोड कुठं होता ते शोधूनही सापडेना. भागोजींनी विमान नीराबाईच्या फोटोजवळ फळीवर ठेवलं, पॉलिश पेपरचे तुकडे गोळा केले, हात धुतले. मग ओट्यावर आले आणि इकडं तिकडं बघू लागले. बाहेर आवाज घुमत आला. एक विमान खाली उतरत होतं. भागोजींची मान वर गेली. मग पाय चपला चाचपू लागले.

धम्मदीपनं ते पाहिलं. काय बोलावं? थांबा म्हणून ते कधी थांबले होते? तो आत गेला, फळीवरचं विमान उचललं, दारात आणलं, उजेडात धरल्यासारखं वर धरलं आणि बोटं उघडली.

विमान फरशीवर आपटलं. शेपटी एकीकडे, चाक एकीकडे, आणि तो नवा पंख सरपटत थेट भागोजींच्या पायाशी. रचना स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं तोंड उघडलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

भागोजी चपला घालून पायरीवर उभे होते. सावकाश वाकून त्यांनी पंख उचलला. मग चाक. मग शेपटी. तळहातावर सगळं मांडून पाहिलं, आणि मग पोराकडे पाहिलं, बराच वेळ.

“येवढ्या वरनं टाकायची गरज न्हवती,” ते म्हणाले आणि चपला काढून ओट्यावर बसले. “नुसतं चाक मोडलं असतं तरी भागलं असतं. जा, चष्मा आण.”